नर्सिंग होममध्ये एचआयव्ही रुग्णसेवेचं प्रशिक्षण: आधी काय, मग काय

खाजगी नर्सिंग होममध्ये एचआयव्हीचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत असते. एखाद्या रविवारी बाहेरून डॉक्टर बोलावतात, पडद्यावर विषाणूचं चित्र येतं, दोन तासांचं व्याख्यान होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. पुढच्याच आठवड्यात एचआयव्ही असलेला रुग्ण दाखल होतो. त्याच्या फाईलवर लाल पेनाने खूण होते, आयाबाई हातमोज्यांवर हातमोजे चढवून चादर बदलतात आणि सलाईन लावायला सगळ्यांत नवीन मुलीला पुढे केलं जातं. माहिती सगळ्यांना मिळालेली असते, चुकलेला असतो तो क्रम. स्वतःला सुई टोचली तर रात्री कुठे जायचं हे ज्या सिस्टरला ठाऊक नाही, तिच्याकडून समजूतदारपणा मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी तिची सुरक्षा, मग तिचं शिक्षण, मग तिच्याकडून अपेक्षा, असा क्रम हवा.

हा लेख इंदूरसारख्या शहरातल्या छोट्या-मध्यम रुग्णालयांच्या मालक डॉक्टरांसाठी, मेट्रनसाठी आणि सिस्टर ट्यूटरसाठी आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, कसा ठरवायचा हे यात नाही. ते काम एआरटी केंद्राचं. आपल्याकडे येतो तो बाळंतपणाला आलेला, हाड मोडलेला, ताप किंवा टीबी झालेला रुग्ण, ज्याला एचआयव्हीही आहे किंवा जो आपल्याकडेच पहिल्यांदा सापडतो.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. दक्षिण आफ्रिकेत दर सहा प्रौढांमागे जवळपास एकाला एचआयव्ही आहे. डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून २०१० पासून तिथल्या प्रशिक्षित परिचारिका स्वतः एआरटी सुरू करू लागल्या. वर्गातला अभ्यासक्रम झाल्यावर अनुभवी व्यक्ती दवाखान्यात शेजारी उभी राहून काम करवून घेते, ही तिथल्या प्रशिक्षणाची महत्त्वाची बाजू. रोज असे रुग्ण समोर येत असल्याने हात बसतो. भारतात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांच्या आसपास लोक आहेत, पण प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ०.२ टक्के. तुमच्या सिस्टरला असा रुग्ण कित्येक महिन्यांत दिसणारही नाही आणि मधल्या काळात शिकवलेलं विसरलं जाईल. म्हणून आपल्याकडे एका मोठ्या शिबिरापेक्षा जागच्या जागी लावलेल्या सूचना आणि वारंवार होणारा छोटा सराव जास्त उपयोगी पडतो.

टप्पा १: शिकवण्याआधी आपला दवाखाना पाहून घ्या

वही घ्या आणि रक्ताच्या एका नमुन्याच्या मागे चाला. रुग्णाच्या हातात सुई गेल्यापासून ती नष्ट होईपर्यंत काय-काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कोणाला टोकू नका, नुसतं लिहून घ्या.

सुईचा डबा कुठे आहे? तो खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात असेल तर सिस्टर सुईला टोपण लावणारच, कारण उघडी सुई घेऊन चार पावलं चालणं तिला त्याहून धोक्याचं वाटतं. बऱ्याच सुया अशा टोपण लावण्याच्या वेळीच टोचतात. टोपण लावू नका म्हणून दहा वेळा सांगण्यापेक्षा डबा हाताच्या अंतरावर आणा. डबा पांढरा, अर्धपारदर्शक, न टोचला जाणारा असावा आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद व्हावा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवणं हा अपघाताचा दुसरा मार्ग.

मग प्रसूतिगृहात जा. डोळ्यांवर लावायचे चष्मे आहेत का, की कुलपात आहेत? हातमोजे सगळ्या मापांचे आहेत का? फार मोठा हातमोजा घातला की बोटांना नीट कळत नाही, म्हणून मुली तो काढून शीर शोधतात. हायपोक्लोराइटच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या ब्लीचच्या द्रावणाच्या, बाटलीवर आजची तारीख आहे का?

यानंतर कागद पाहा. हा भाग हमखास राहून जातो. ऑपरेशनच्या यादीत रुग्णाच्या नावापुढे काही लिहिलं जातं का? लॅबचे रिपोर्ट सगळ्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात का? विम्याची कागदपत्रं भरणारा मुलगा निदान मोठ्याने विचारतो का? पलंगाच्या पायथ्याशी लटकणाऱ्या कार्डावर काय आहे? गुप्तता फुटते ती मुख्यतः अशा ठिकाणी, आणि तिथे बसणाऱ्या माणसांना कोणी प्रशिक्षणाला बोलावलेलंच नसतं.

*तपासून घ्या:* ही फेरी रात्रपाळीतही एकदा मारली का? दिवसाचा आणि रात्रीचा दवाखाना सारखा नसतो.

टप्पा २: सुई टोचल्यावर काय, याची व्यवस्था उभी करा

हा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

दूषित सुई टोचल्यानंतर किंवा रक्त डोळ्यांत उडाल्यानंतर लागण टाळण्यासाठी औषधं देतात, त्याला पेप म्हणतात. पहिला डोस जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. त्यानंतर त्याचा उपयोग राहत नाही. सध्या राष्ट्रीय कार्यक्रमात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी वापरतात. रोज एक, २८ दिवस. याच गोळीला बोलताना टीएलडी म्हणतात.

आता कामाला लागा:

१. पहिल्या डोसच्या गोळ्या कॅज्युअल्टीत ठेवा. एआरटी केंद्राशी बोला किंवा आपल्या फिजिशियनच्या चिठ्ठीवर घ्या. मुदत संपण्याची तारीख बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा.

२. किल्ली चोवीस तास ड्यूटीवर असणाऱ्या माणसाकडे हवी. मेट्रनच्या घरी गेलेल्या किल्लीचा काहीही उपयोग नाही.

३. पेप सुरू करायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टर कोण, ते नक्की करा. एकाचं नाव पुरत नाही, तो बाहेरगावी असेल तर दुसरा कोण हेही लिहा.

४. इंदूरमध्ये एम. वाय. रुग्णालयात एआरटी केंद्र आहे, बडोद्याच्या वाचकांना सयाजी रुग्णालय जवळ. रात्री आणि रविवारी तिथे कुठल्या दाराने जायचं, कोणाला भेटायचं, हे अपघात व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.

५. सगळ्या कर्मचाऱ्यांचं हिपॅटायटिस बी लसीकरण पूर्ण करा: आज पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आयाबाई, सफाई कामगार आणि कचरा उचलणारा मुलगाही यात आले. डबे तेच हलवतात आणि लस बहुधा त्यांनाच मिळालेली नसते.

मग एक कागद तयार करा आणि हात धुण्याच्या प्रत्येक ठिकाणी चिकटवा. मजकूर एवढाच: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट, आयोडीन किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यांत गेलं असेल तर पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा; लेन्स असेल तर आधी तशीच धुवा, मग काढा. लगेच ड्यूटी डॉक्टरला सांगा. खाली दोन फोन नंबर.

पिळणं आणि स्पिरिट ओतणं या दोन सवयी फार खोल रुजलेल्या आहेत. वर्षानुवर्षं काम केलेली सिस्टरसुद्धा टोचलं की आधी बोट दाबते. कारण सांगितलं तरच ती थांबेल: दाबल्याने आणि झोंबणारं औषध लावल्याने आतली इजा वाढते, विषाणू बाहेर येत नाही.

रुग्णाचा रिपोर्ट येईपर्यंत पेप थांबवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तपासणी चालू असतानाच पहिली गोळी द्या. नंतर गरज नाही असं ठरलं तर डॉक्टर थांबवतील. रुग्णाचं रक्त तपासायचं तर त्याला समजावून, त्याची संमती घेऊनच. लॅबमध्ये उरलेल्या नमुन्यातून गुपचूप चाचणी करायची नाही.

कर्मचाऱ्याची स्वतःची पहिली चाचणी त्याच वेळी होते, पुढे सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. पहिली चाचणी कशासाठी, हे तिला नीट सांगा. अपघाताच्या दिवशी ती निगेटिव्ह होती याची ती नोंद असते, आणि उद्या भरपाईचा प्रश्न आला तर तीच कामाला येते. तो रिपोर्ट कोणाकडे राहील हेही आधी ठरलेलं असावं. मालकाच्या टेबलावर तो पडून राहता कामा नये.

*सावधान:* टोचल्याचं सांगणाऱ्या सिस्टरला 'लक्ष कुठे होतं तुझं?' हा प्रश्न एकदा जरी विचारलात, तरी पुढची प्रत्येक सिस्टर अपघात लपवेल. ही गोष्ट लेखी नियमात घाला: कळवल्याबद्दल शिक्षा नाही, पगारकपात नाही.

टप्पा ३: नियम लिहून काढा

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्यासाठी त्यातल्या चार गोष्टी पुरेत. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही. रुग्णाची स्थिती परवानगीशिवाय उघड करायची नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत किंवा वेगळी वागणूक द्यायची नाही. आणि जिथे कर्मचाऱ्यांना लागणीचा धोका आहे तिथे बचावाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि पेप देणं ही संस्थेची जबाबदारी. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. हे सगळं एका पानात बसवा, मालकाची सही घ्या, लावून टाका.

टप्पा ४: कोणाला काय शिकवायचं ते वेगळं करा

सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवू नका. डॉक्टरांसमोर आयाबाई तोंड उघडत नाहीत, आणि त्यांच्या मनातले प्रश्नच तर आपल्याला हवे असतात.

आयाबाई, वॉर्डबॉय आणि सफाईवाल्यांना सांडलेलं रक्त, कपडे, कचरा आणि रुग्णाशी बोलणं शिकवा. विषाणूची रचना त्यांना नको. सिस्टरना यातलं सगळं, शिवाय औषधं आणि समुपदेशनाची सुरुवात. लॅबला चाचणीचा क्रम आणि रिपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा ते. रिसेप्शन, बिलिंग आणि विम्याच्या टेबलाला फक्त गुप्तता, पण ती कसून. डॉक्टरांसाठी वेगळी बैठक. ती टाळली जाते, आणि फाईलवर खूण करायची सूचना पुष्कळदा तिथूनच आलेली असते.

भाषेचा विचार करा. इंदूरच्या दवाखान्यात मेट्रन मराठी असेल, दोघी सिस्टर केरळच्या, आयाबाई माळवी बोलणाऱ्या आणि रुग्ण धार, खरगोन, बडवानीकडून आलेले, घरी निमाडी किंवा भिली बोलणारे. प्रशिक्षण साध्या बोलीच्या हिंदीत घ्या. 'प्रतिरोधक क्षमता' म्हटलं की निम्म्या बायका गप्प होतात. 'शरीर की ताकत' म्हटलं की बोलू लागतात.

वेळ पाळी बदलण्याच्या आधीची, चाळीस मिनिटांची. रात्रपाळी करून थकलेल्या मुलीला सकाळी नऊला बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

टप्पा ५: भीती आधी बाहेर येऊ द्या

पहिल्या बैठकीत काहीही शिकवू नका. कोरे कागद वाटा, नाव न लिहिता मनातला प्रश्न लिहायला सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे प्रश्न एखाद्या विश्वासू सिस्टरने बाजूला बसून लिहून घ्यावेत. डबा फिरवा, चिठ्ठ्या मोठ्याने वाचा.

चिठ्ठ्यांत असं येतं: त्यांच्या चादरी उचललेल्या हातांनी घरी पोळ्या लाटल्या तर मुलांना होईल का? डास चावला तर? त्यांचं ताट घासलं तर? मी गरोदर आहे, मी त्या खोलीत जाऊ का? नवऱ्याला कळलं की मी अशा पेशंटचं करते तर तो नोकरी सोडायला लावेल, काय सांगू?

पोळ्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ती बाई दिवसभर दुसऱ्यांची घाण काढते आणि संध्याकाळी त्याच हातांनी मुलांना जेवू घालते. तिची काळजी खरी आहे. तिला सरळ उत्तर द्या: 'मावशी, हातमोजे घालून काम केलंत, मग साबणाने हात धुतलेत, की तुमच्या पोळ्या निर्धास्त. हा आजार हाताला चिकटून घरी येत नाही. ताट, संडास, डास, खोकला, कशातूनच येत नाही.'

सिस्टरना आकडे द्या, आकड्यांनी त्यांची भीती आवरते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागणीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडाल्यास सुमारे ०.०९ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट जास्त. ज्या रुग्णाचं त्यांना काहीच वाटत नाही, त्याच्याकडूनच हे होऊ शकतं. इथे बैठक थांबवा आणि विचारा: मग काळजी फक्त फाईलवर खूण असलेल्या रुग्णापुरती घ्यायची की सगळ्यांसाठी? हे उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. फाईलवरची खूण काढून टाकण्याचं खरं कारण हेच. खूण नसलेला रुग्ण सुरक्षित आहे असा खोटा भरवसा ती देते, आणि नुकतीच लागण झालेल्याची चाचणी सुरुवातीच्या काळात निगेटिव्हच येऊ शकते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडत नाही इतका कमी झाला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकल्यावर सिस्टरच्या नजरेतला रुग्ण बदलतो.

यानंतर वरिष्ठ डॉक्टरांनी एक काम करावं. राऊंडला अशा रुग्णाची नाडी उघड्या हाताने पाहावी, त्याच्या पलंगाशी टेकून बोलावं, सगळ्यांसमोर. नाडी पाहायला हातमोजे लागत नाहीत. दहा व्याख्यानांनी होत नाही ते एवढ्याने होतं.

टप्पा ६: हाताने करून घ्या

तीन सराव पुरे आहेत, पण प्रत्येकाने स्वतः करायचे. एकाने करून दाखवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, हे चालणार नाही.

*सांडलेलं रक्त.* बीट उकळलेलं पाणी फरशीवर ओता. हातमोजे घालायचे, त्यावर जुनं कापड किंवा शोषणारा कागद पसरायचा, वरून एक टक्का हायपोक्लोराइट ओतायचं आणि थांबायचं. किती, ते तुमच्या नियमावलीत ठरवा; किमान दहा मिनिटं तरी. नंतर गोळा करून पिवळ्या पिशवीत, मग पोछा. चूक कुठे होते? न थांबता लगेच पुसलं जातं. घड्याळ लावून थांबायची सवय लावा. दुसरी चूक, आधी पोछा मारून रक्त सगळीकडे पसरवणं. बीटच्या पाण्याने ते डोळ्यांना दिसतं, म्हणून हा सराव रंगीत पाण्यानेच घ्या.

*द्रावण बनवणं.* बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक माप औषध आणि चार मापं पाणी, म्हणजे एक टक्का. दहा टक्के असेल तर एकाला नऊ. बाजारात दोन्ही मिळतात आणि खरेदी करणारा माणूस दर महिन्याला वेगळं आणतो, म्हणून लेबल वाचायला शिकवा, नुसतं 'एकाला चार' पाठ करून घेऊ नका. रोज ताजं बनवा, झाकून ठेवा, तारीख घाला.

*धारदार वस्तू.* सुई वापरली की टोपण न लावता थेट हब कटर (सुई कापायचं यंत्र) किंवा डबा. ऑपरेशन थिएटरमध्ये ब्लेड आणि सुई हातातून हातात द्यायची नाही, किडनी ट्रेमध्ये ठेवायची, दुसऱ्याने तिथून उचलायची. सर्जनना ही सवय लावणं अवघड जातं, म्हणून त्यांच्या बैठकीत आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या, नाहीतर सिस्टर एकटी पडते.

*तपासून घ्या:* प्रत्येक रुग्णाकडे जाताना हातमोज्यांचा एकच जोड घालायचा, नियम सगळ्यांसाठी सारखा. एका विशिष्ट रुग्णाकडे जाताना कोणी दोन जोड घालत असेल तर टप्पा ५ पुन्हा घ्या.

टप्पा ७: चाचणीचं बोलणं

सगळ्यांत जास्त इजा इथे होते आणि ती रक्ताने होत नाही.

लॅबच्या लोकांसाठी पहिली गोष्ट: एक रॅपिड टेस्ट (झटपट चाचणी) रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आली म्हणजे निदान झालं असं नाही. लक्षणं नसलेल्या व्यक्तीमध्ये राष्ट्रीय पद्धतीप्रमाणे वेगवेगळ्या तीन चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच निदान पक्कं धरतात. ऑपरेशनपूर्व तपासणीतला एकच रिपोर्ट घेऊन नातेवाइकांना 'एचआयव्ही निकला है' असं सांगितल्याने लग्नं मोडलेली आहेत. पक्क्या तपासणीसाठी सरकारी तपासणी व समुपदेशन केंद्रात पाठवा, तिथे ती मोफत होते.

आता नाटिका करा. एक सिस्टर रुग्ण, एक सिस्टर, आणि दोघी-तिघी नातेवाईक. आपल्याकडे रुग्ण कधी एकटा नसतो. सासू, दीर, शेजारचे काका, सगळे खोलीत असतात. म्हणून पहिलं कौशल्य त्यांना बाहेर पाठवण्याचं. 'आप सब ज़रा बाहर बैठिए, मुझे इनकी जाँच करनी है' एवढं पुरतं. 'खाजगी बोलायचंय' म्हटलं की संशय सुरू होतो.

मग रुग्णाशी: 'तुमच्या एका तपासणीत काहीतरी आलंय, ते पक्कं करायला अजून तपासणी लागेल. हे मी फक्त तुम्हाला सांगतेय.' मग गप्प राहायचं. त्याला बोलू द्यायचं. नवीन सिस्टर घाबरून भराभर माहिती सांगत सुटते, आणि समोरच्याच्या कानात त्यातलं काहीच शिरत नाही.

हे कधीही विचारायचं नाही: 'कुठून झालं?' 'तुमच्या मिस्टरांना आहे का?' आणि बाईचा रिपोर्ट नवऱ्याला किंवा सासूला आधी सांगायचा नाही, तिने कितीही घुंगट घेतलेला असो आणि ते कितीही आग्रह धरोत.

निदान पक्कं झालं की एआरटी केंद्रापर्यंत पोहोचवणं ही तुमचीच जबाबदारी समजा. चिठ्ठी देऊन मोकळं झालात तर पुष्कळ रुग्ण मध्येच गळतात. बडवानीहून आलेल्या माणसाला इंदूरला दर महिन्याला येणं परवडणार नाही, म्हणून त्याच्या घराजवळचं केंद्र शोधून द्या. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं. त्याच्या परवानगीने आठवड्याभराने एक फोन करा: पोहोचलात का? २०१७ पासून देशात सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार सुरू करतात, मोफत. 'अजून ताकद चांगली आहे, नंतर या' हे जुनं उत्तर कोणाच्या तोंडी राहिलं असेल तर ते पुसून टाका.

टप्पा ८: आधीपासून गोळ्या घेणारा रुग्ण दाखल झाला तर

एआरटी घेणारी माणसं आता वर्षानुवर्षं चांगली जगतात. ती तुमच्याकडे येतात ती ॲपेंडिक्ससाठी, मधुमेहासाठी, बाळंतपणासाठी. गोळ्यांबद्दल एकांतात विचारलं नाही तर ती सांगत नाहीत; घरची माणसं समोर असतात. त्यामुळे दाखल असतानाचे दिवस गोळीशिवाय जातात.

सिस्टरना एवढं पक्कं हवं. एआरटी आपल्या मनाने बंद करायची नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर भूलतज्ज्ञांना विचारून घोटभर पाण्याबरोबर द्यायची. ज्याला हिपॅटायटिस बीही आहे त्याची टेनोफोव्हिर अचानक थांबली तर यकृत बिघडू शकतं. डोल्युटेग्राव्हिर आणि ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध एकत्र द्यायचं नाही; डोल्युटेग्राव्हिर त्या औषधाच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. लोह आणि कॅल्शियमलाही हेच अंतर, मात्र जेवणाबरोबर घेतल्यास ती एकत्र चालतात. बाळंतिणींच्या वॉर्डात हे रोजचं आहे, कारण तिथे प्रत्येकीला लोह-कॅल्शियम चालू असतं.

टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांनी पुन्हा पाहायचा, साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नाही. सिस्टरने डोस बदलायचा नाही, पण डॉक्टरांच्या नजरेस आणायचं. आणि अशा प्रत्येक रुग्णाला चार प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का? एकाला जरी 'हो' आलं तर टीबीची तपासणी.

टप्पा ९: टिकवायचं कसं

नर्सिंग होममध्ये सिस्टर फार काळ टिकत नाहीत. तुम्ही शिकवलेली निम्मी माणसं वर्षभरात दुसरीकडे गेलेली असतील. म्हणून वर्षातून एकदाचं शिबिर हा उपाय नाही. नवीन माणूस पहिल्या ड्यूटीवर उभा राहण्याआधी त्याला तीन गोष्टी दाखवा: सुईचे डबे, धुण्याचं ठिकाण आणि त्यावरचा कागद, पेपच्या गोळ्या. मग वहीत त्याची सही.

आतल्याच एका सिस्टरला मार्गदर्शक नेमा. सगळ्यांत हुशार नको, जिच्याकडे आयाबाई न घाबरता जातात ती निवडा. तिला या कामासाठी ड्यूटीतले ठरलेले तास द्या. वेळ न देता नुसतं पद दिलं तर दोन महिन्यांत सगळं बंद पडतं. तिने महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटांचा, एकच सराव घ्यायचा. एकदा रक्त, एकदा सुई, एकदा नाटिका. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना वर्षातून काही वेळा बोलावता आलं तर उत्तम, पण व्याख्यानाला नको. वॉर्डात शेजारी उभं राहून पाहायला बोलवा.

लेखी परीक्षेच्या गुणांवरून काही कळत नाही. दर तीन महिन्यांनी हे पाहा: अर्धपारदर्शक डब्याबाहेरूनच दिसणाऱ्या टोपण लावलेल्या सुया कमी झाल्या का (डबा उघडायचा नाही), टोचल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत किती वेळ गेला, अपघात कळवले जातात का, फाईलींवर आणि ऑपरेशनच्या यादीत खुणा आहेत का, पाठवलेले रुग्ण केंद्रावर पोहोचले का. कळवलेल्या अपघातांचा आकडा सुरुवातीला वाढेल. मालकांना हे आधीच सांगून ठेवा. पूर्वी लपवले जाणारे अपघात आता कळवले जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या आकड्यावर घाबरून कोणी सिस्टरना जाब विचारला तर टप्पा २ मध्ये कमावलेलं सगळं जाईल.

रात्रपाळीच्या सिस्टरला अधूनमधून न सांगता फोन करून विचारा: आत्ता तुला सुई टोचली तर काय करशील, किल्ली कुठे आहे, कोणाला फोन लावशील? तिन्ही उत्तरं अडखळल्याशिवाय आली नाहीत, तर पुढच्या महिन्याचा सराव कोणता ते ठरलं.